मुंबईतील सार्वजनिक उत्सव

मुंबई शहरातील विविध धर्मीयांचे जे सण व उत्सव घराच्या किंवा प्रार्थनास्थळाच्या कक्षेबाहेर, म्हणजे रस्त्यावर, मैदानात अथवा समुद्रकिनाऱ्यावर साजरे होतात, त्यांना सामान्यतः सार्वजनिक उत्सव म्हणतात. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, जैन, बौद्ध व शीख या सर्वांचे उत्सव या शहरात होतात. एकाच अरुंद रस्त्यावरून कोणाची मिरवणूक जावी, कोणत्या दिवशी जावी, वाद्ये कोठे थांबवावीत आणि पूजेचा अधिकार कोणाला असावा, या चार प्रश्नांभोवती त्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास फिरतो.

धर्माचरणाचे स्वातंत्र्य ही मुंबईत वस्ती करण्याची एक अट म्हणूनच पुढे आली. १६६८ मध्ये बेटे ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तेव्हा तेथे व्यापारी नव्हते. ते बाहेरून आणावयाचे होते. १६७७ मध्ये दीव येथील निमा पारेख या व्यापाऱ्याने येथे येण्यापूर्वी कंपनीकडून स्वधर्माप्रमाणे वागण्याची मुभा आणि आपल्या आवारात कोणीही प्राणिहत्या करणार नाही, अशी हमी मागून घेतली. पुढे पारशी, बोहरा, खोजा, भाटिया, आर्मेनियन आदी समाज येत गेले. प्रत्येकाने आपला मोहल्ला, आपले प्रार्थनास्थळ व आपले पंचांग बरोबर आणले. पारशी समाजात तर शहंशाही व कदमी या दोन पंथांच्या वर्षारंभांत एका महिन्याचे अंतर पडले, आणि त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मोठा वाद माजला.

या समाजांच्या सणांवर एकमेकांच्या चालीरीतींची छाप पडत असे. कोकणातून मुंबईत आलेले बेने इस्राएल लोक आपल्या सणांना मराठी नावांनी ओळखत: वर्षारंभाचा तो नव्याचा सण, उपवासाच्या महापर्वाचा तो दारफळणीचा सण, आणि वाल खाऊन पाळावयाच्या शोकदिनाचा तो बिरड्याचा सण. होळीच्या सुमारास येणाऱ्या पुरीमला ते होळीचाच सण म्हणत. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनॅगॉगलाही लोक मशीदच म्हणत. माहीम येथील मखदूम अली माहिमी (मृ. १४३१) यांच्या दर्ग्याच्या वार्षिक उत्सवात पहिला संदल मुंबई पोलिसांतर्फे वाहण्याची प्रथा आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील मेरीमातेला कोळी व इतर मराठी भाविक ‘मोतमाउली’ म्हणतात. तिच्या जन्मदिनानंतर, म्हणजे ८ सप्टेंबरनंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर भरणाऱ्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या व मेणाचे अवयव वाहतात. पावसाळा ओसरू लागला की नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो. शहराला जिचे नाव मिळाले ती मुंबादेवी याच समाजाची मूळ देवता मानली जाते.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा सर्वांत मोठा सार्वजनिक उत्सव मात्र मोहरम हा होता. मोहरम हा वस्तुतः हजरत इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोककाळ. इराणी शिया तो त्याच गांभीर्याने पाळीत. पण शहरातील बहुसंख्य सुन्नी वस्तीत त्याला जत्रेचे रूप आले होते. मोहल्ल्यामोहल्ल्यांत बांबू व रंगीत कागदाचे ताबूत उभे राहत. प्रत्येक मोहल्ल्याची टोळी रात्री वाद्ये वाजवीत व मशाली नाचवीत दुसऱ्या मोहल्ल्यांत जाई, आणि दहाव्या दिवशी मिरवणुकीने ताबूत समुद्रावर नेऊन थंडे केले जात. या उत्सवात हिंदूही भाग घेत. नवस बोलून मुलाला फकीर करणे, ताबुतापुढे लोटांगण घालणे, वाद्ये वाजविणे, काही वेळा स्वतःच ताबूत बसविणे हे प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र रूढ होते. या काळातील भांडणे बहुधा धर्माधर्मांतील नसून मोहल्ल्यामोहल्ल्यांतील असत. रंगारी मोहल्ल्यासारख्या वस्त्यांच्या टोळ्या व बोहरा वस्ती यांतील वैर प्रसिद्ध होते. धार्मिक कारणावरून दंगली झाल्या नव्हत्या असे नाही (उदा., १८५१ व १८७४ मधील पारशी-मुस्लिम दंगली), परंतु त्या उत्सवांतून उद्‌भवलेल्या नव्हत्या.

हे चित्र १८९३ मध्ये बदलले. त्या वर्षीच्या जुलैअखेर मोहरमच्या काळात सौराष्ट्रातील प्रभासपाटण येथे दंगल झाली. गोरक्षणाच्या चळवळीमुळे वातावरण आधीच तापलेले होते. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल सुरू झाली व ती गिरणगावापर्यंत पसरली. सुमारे ८० माणसे मारली गेली. पुढील वर्षी पुण्यात ताबुतांवर हिंदूंनी बहिष्कार घातला आणि लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक व संघटित रूप आले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसू लागला होता. १९०१ मध्ये टिळकांनी या उत्सवाला भेट दिली.

या नव्या उत्सवाची घडण पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. घरगुती गणपतीची पूजा व विसर्जन ही प्रथा जुनीच. तथापि वस्तीच्या वर्गणीतून मांडवात बसविलेली मूर्ती, दहा दिवसांचा जागर, वाद्यांसह फिरणारे मेळे आणि अखेरीस सर्व मूर्तींची एकत्रित मिरवणूक, हा सारा आराखडा शहराच्या चांगल्या परिचयाचा होता. ज्या ताबुतांकडे पाठ फिरवायची, त्यांच्याच उत्सवाचा साचा नव्या उत्सवाने बऱ्याच अंशी उचलला. समकालीन टीकाकारांनीही हे साम्य हेरले होते. गणेशोत्सवाच्या पुरस्कर्त्यांना ते मान्य करणे जड गेले असावे; पण त्यामुळे उत्सवाचे मोल कमी होत नाही.

मूळ मोहरमचे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस अधिनियमाने मिरवणुकांवर नियंत्रण ठेवण्याचे व्यापक अधिकार पोलीस आयुक्तांकडे होते. १९११ च्या मोहरमात दंगल होऊन गोळीबार करावा लागला. त्यानंतर पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्‌स यांनी टोळ्यांच्या फेऱ्या व मिरवणुकीचे मार्ग यांवर असे कडक निर्बंध घातले, की १९१२ पासून टोळ्यांचा तो मोहरम जवळजवळ संपुष्टातच आला. पाच-सहा पिढ्या मुंबईच्या रस्त्यांवर दिसलेला सर्वधर्मीयांचा एक उत्सव असा प्रशासकीय हुकमाने आटोपला. शियांच्या मातमी मिरवणुका पुढेही चालू राहिल्या. सुन्नी समाजाच्या सार्वजनिक जीवनात तेव्हापासून ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीला महत्त्व येत गेले. भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघणारी ही मिरवणूक खिलाफत चळवळीच्या काळातील आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाची खरी कसोटी १९२६ मध्ये दादर येथे लागली. तेथील गणेशोत्सवासाठी वर्गणी सर्व जातींच्या हिंदूंकडून घेतली जाई. मग पूजेचा अधिकार अस्पृश्यांना का नाही, असा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उपस्थित केला. मांडवासमोर मोठा जमाव जमला. अखेर पुजाऱ्याने पूजा केल्यावर अस्पृश्य व्यक्तीने दिलेली फुले त्याने मूर्तीला वाहावीत, अशी तडजोड निघाली. ती अर्धवट होती, हे उघडच आहे. प्रबोधनकारांनी त्यानंतर दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला व त्यात जातिभेदाला थारा दिला नाही. डॉ. आंबेडकरांचा मार्ग पुढे देवळांपासून दूर गेला. त्यांच्या निधनानंतर (६ डिसेंबर १९५६) दादर चौपाटीवर ज्या ठिकाणी अंत्यसंस्कार झाले, तेथे उभी राहिलेली चैत्यभूमी आता दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायांना एकत्र आणते. हा सण नव्हे, स्मृतिदिन आहे. पण गर्दी, पुस्तकांची प्रचंड विक्री आणि शिवाजी पार्कवरील निवासव्यवस्था पाहता, मुंबईच्या सार्वजनिक पंचांगात त्याचे स्थान कोणत्याही उत्सवाहून कमी नाही.

गिरणगावाने गणेशोत्सवाला कामगारांचा उत्सव बनविले. चिंचपोकळी (१९२०), लालबागची गणेश गल्ली (१९२८) आणि लालबागचा राजा (१९३४) ही मंडळे या वस्तीतून उभी राहिली. शेवटच्या मंडळाची स्थापना बाजारातील मासेविक्रेते व व्यापारी यांनी केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कामगारांची कुटुंबे विरार, डोंबिवली, कल्याणकडे पांगली. त्यांच्या मंडळांचे मांडव मात्र मूळ जागीच राहिले.

मुंबईचा उत्सव केवळ मुंबईचा नसतो, हे या कामगारांच्या गावांकडे पाहिले म्हणजे समजते. कोकणातील चाकरमानी गणपतीला व शिमग्याला गावी जातो. घाटावरील, विशेषतः पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुंबईकराचे वेळापत्रक याहून निराळे आहे. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री व ओझर ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यातच आहेत. तरीही तो गणेशोत्सवात बहुधा मुंबईतच राहतो आणि चैत्र-वैशाखात ग्रामदैवताच्या यात्रेला गावी जातो. जुन्नरहून नाणेघाटाने कल्याण बंदराकडे जाणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट आणि आजचा माळशेज घाटाचा रस्ता यांनी हा प्रदेश मुंबईच्या परिसराशी जोडलेला आहे. माळशेजच्या माथ्याजवळील मढ व त्याच्या आसपासची गावे याच वाटेवरची. या दोन तालुक्यांतील आणि शेजारच्या खेड, मावळमधील माणसे मुंबईत डबेवाले, माथाडी कामगार, कांदा-बटाटा व भाजीचे व्यापारी म्हणून स्थिरावली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला डब्यांचा व्यवसाय वर्षभर न चुकता चालतो, असे कौतुकाने सांगतात. पण एप्रिलमध्ये गावच्या यात्रांसाठी डबेवाले काही दिवस सुटी घेतात आणि कचेऱ्यांतील हजारो माणसे त्या दिवसांत डब्यावाचून राहतात. मुंबईच्या वेळापत्रकावर ग्रामदैवताची सत्ता चालते ती अशी.

यात्रेचा खर्चही मोठ्या प्रमाणात मुंबईतून येतो. गावकीच्या खोलीत एकत्र राहणाऱ्यांनी जमविलेल्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, कुस्त्यांचा आखाडा व तमाशाची सुपारी यांची तजवीज होते. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा फड येथलाच. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे बंदी आली, तेव्हा या भागातील यात्रांची रया गेल्याची तक्रार मुंबईकर गावकऱ्यांनीही तितक्याच हिरिरीने केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा संबंधित कायदा न्यायालयाने वैध ठरविला.

रस्त्याचा प्रश्न १९९२ मध्ये पुन्हा उभा राहिला, तो अधिक भीषण स्वरूपात. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलींत ९०० माणसे मरण पावली. रस्त्यावर होणाऱ्या शुक्रवारच्या नमाजाला प्रत्युत्तर म्हणून डिसेंबरअखेर महाआरत्या सुरू करण्यात आल्या; काही महाआरत्यांनंतर परतणाऱ्या जमावांनी हल्ले केल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात (१९९८) आहे. दंगलींनंतर पोलीस व नागरिक यांच्या मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोर वाद्ये थांबविण्याची जागा, विसर्जनाची वेळ या पूर्वी पोलिसी हुकमाने ठरणाऱ्या बाबी अनेक वस्त्यांत या समित्यांच्या बैठकांतून ठरू लागल्या. वाद्यांच्या जुन्या वादाला २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी नवे वळण दिले. मांडव आणि मशीद या दोन्हींच्या ध्वनिक्षेपकांना ते सारखेच लागू आहेत.

तारखांचा पेच पंचांगांतच आहे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने ते सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. हिंदू पंचांगात अधिक मासाने ही तूट भरून काढतात. त्यामुळे प्रत्येक मुस्लिम सण सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो व ठरावीक काळाने गणेशोत्सवाला येऊन भिडतो. २०१८ व २०१९ मध्ये मोहरमचा दहावा दिवस अनंत चतुर्दशीच्या लगत आला होता. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद व अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि शासनाने ईदची सुटी २९ सप्टेंबरला हलविली. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला असताना मिरवणूक १८ सप्टेंबरला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघाली. २०२५ मध्येही ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबर हा दिवस घेण्यात आला. या तिन्ही वर्षी मिरवणुकीचा दिवस त्या समाजाच्या संघटनांनी स्वतःहून बदलला. २०२६ पासून हे दोन उत्सव एकमेकांपासून दूर सरतात. मोहरम व गणेशोत्सव यांची पुढची गाठ २०५० च्या सुमारास पडेल.