पॉलिहाऊसमधलं पान पिवळं पडलं? फवारणीआधी हे बघा

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पॉलिहाऊसची ढोबळी, गुलाब, जरबेरा येतो. निदान न करता मारलेलं औषध वाया जातं. म्हणून आधी पान कुठलं, ते बघा.

- खालची जुनी पानं पूर्ण पिवळी : नत्र कमी.
- जुन्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी.
- जुन्या पानाच्या कडा करपल्या : पालाश कमी.
- शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या : लोह कमी. माती चुनखडीची, सामू जास्त असेल तर लोह असूनही मुळांना मिळत नाही.
- वर पांढुरके ठिपके, खाली बारीक जाळी : लाल कोळी. त्याला कोळीनाशकच लागतं.
- पांढरी पावडर : भुरी.

पाणी जास्त झालं तरी पान पिवळं पडतं, आधी मुळं उकरून बघा. शंका असेल तर माती-पाणी तपासून घ्या.