पेरते व्हा

मृगाच्या सुमारास घाटंजीच्या शिवारात पावशा ओरडू लागला की पेरणीच्या तजविजीत गुंतलेल्या शेतकऱ्याला त्यातून 'पेरते व्हा' असे ऐकू येते. हाच पक्षी हिंदीभाषकाला 'पी कहाँ' विचारतो, बंगाल्याला 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असे सांगतो. हिंदुस्थानच्या उन्हाळ्याने गांजलेल्या इंग्रजाने तर त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकला. ध्वनी एकच, पण प्रत्येक भाषेने त्यात आपापली चिंता ऐकली. यंत्र येण्यापूर्वीची ध्वनिमुद्रणे ती हीच, असे आम्ही म्हणतो.

यंत्राने टिपलेल्या पाखराच्या आवाजाची ज्ञात सुरुवात 1889 सालची. जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने घरच्या पिंजऱ्यातील शामाचे गाणे एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर घेतले. शामा मूळचा आपल्याकडच्या रानांतला, हे येथे नमूद करावयास हवे.

संग्रहालयांची भिस्त मात्र दीर्घकाळ कातड्यांवर राहिली. त्याची किंमत रानपिंगळ्याच्या कथेतून कळते. 1872 साली ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळवला आणि पुढल्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. मागे उरली ती सात कातडी, त्यांतली काही खानदेशातली. मधल्या काळात कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी 1914 साली गुजरातेत मिळाल्याचे सांगून एक नमुना पुढे केला. तो ब्रिटिश म्युझियममधूनच चोरलेला जुना नमुना होता, हे पुढे सिद्ध झाले. कातड्यावरची चिठ्ठी बदलता येते, आणि कातडे काही बोलत नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. 1999 मध्ये रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एकशे तेरा वर्षे हरवलेल्या पाखराला आता आवाज लाभला होता. मेळघाटात त्याची वस्ती आढळली, आणि 2014 साली तो थेट ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात सापडला.

आज 2005 साली सुरू झालेल्या झेनो-कँटोसारख्या संग्रहात कोणीही असे आवाज ऐकू शकतो. तेथे स्थळ, तारीख, वेळ काटेकोर असते. 'पेरते व्हा' मात्र त्या चौकटीत कोठे बसत नाही. उलट लोकभाषेला आवाजाचा अर्थ ठाऊक असतो, तारीख नसते. साहित्याच्या अभ्यासकाने हात घालावा तो या फटीत. मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी 'पक्षिकोश' रचताना नावांचा जो साठा केला, त्याकडे आपण शब्दसंग्रह म्हणून पाहतो. तो श्रवणसंग्रहही आहे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'रातवा' आहे.

घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटरचे. सागाच्या या मुलुखात मराठीबरोबर कोलामीही बोलली जाते, आणि ती द्राविडी कुळातली. तिथला पावशा ध्वनिमुद्रित करणाऱ्याने स्थळ-तारखेखाली आणखी एक ओळ लिहावी: वाडीतल्या म्हाताऱ्या कोलामाला त्यात काय ऐकू आले, त्याच्याच शब्दांत.