कंपवातातील दीर्घकालीन औषधयोजना आणि जोडीदाराचा सहभाग

कंपवात अर्थात पार्किन्सन्सचा आजार हा मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत गेल्याने उद्भवणारा चेतासंस्थेचा विकार होय. तो समूळ बरा करणारे औषध उपलब्ध नाही. सध्याची औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात व ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. औषधांच्या वेळा पाळणे, परिणामांची नोंद ठेवणे आणि डॉक्टरांना माहिती देणे ही कामे अनेक घरांत पती-पत्नी मिळून करतात. दोघांना जाणवणारा आजार मात्र एकसारखा नसतो.

औषधे व काळानुरूप बदल

लेव्होडोपा हे या आजारावरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये ते खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. कंपवातावरील उपचारात त्याची उपयुक्तता मात्र १९६० च्या दशकात सिद्ध झाली. ते सामान्यतः कार्बिडोपाबरोबर एकाच गोळीत देतात. (खाजकुइलीचे चूर्ण स्वतंत्रपणे घेतल्यास लेव्होडोपाची मात्रा वाढते, म्हणून ते डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे ठरते.)

रक्तातील लेव्होडोपाचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात, त्यामुळे गोळीला थोडा उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. पुढे ही साठवणक्षमता घटते व पुढील गोळीच्या आधीच परिणाम ओसरू लागतो. हालचाल सुलभ असण्याच्या काळास ‘ऑन’ व ताठरपणा, मंदपणा परत येण्याच्या काळास ‘ऑफ’ म्हणतात. मात्रा अधिक झाल्यास मान, हात वा धड आपोआप वळवळू लागते. या अनैच्छिक हालचाली कंपाहून वेगळ्या असतात.

दोघांची निरीक्षणे

‘ऑफ’ काळातील आखडलेपण व घालमेल रुग्णाला तीव्रतेने जाणवते. शेजारी बसलेल्या जोडीदारास ती दिसेलच असे नाही. याउलट अनैच्छिक हालचाली जोडीदारास तत्काळ दिसतात व लोकांसमोर त्याला संकोचही वाटतो, तर अनेक रुग्णांना त्यांची जाणीवच नसते. पुष्कळ रुग्ण ‘ऑफ’पेक्षा वळवळ पत्करतात. त्यामुळे एकाला मात्रा वाढवावी असे वाटते व दुसऱ्याला कमी करावी असे वाटते, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. डॉक्टरांना दोन्ही बाजू कळणे आवश्यक असते. यासाठी दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून नोंदवही ठेवतात. भेटीपूर्वी दोन-तीन दिवसांची नोंद पुष्कळदा पुरते.

वेळापत्रक व आहार

प्रथिनांपासून मिळणारी अमिनो आम्ले आतड्यात व मेंदूच्या प्रवेशमार्गावर लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घेण्याचा सल्ला दिला जातो. उसळ, पनीर, अंडी यांवर बंदी नसते. प्रश्न वेळेचा असतो. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाचे शोषण कमी करतात, त्यामुळे त्या काही तासांच्या अंतराने घेतात. स्वयंपाक व जेवणाची वेळ जो सांभाळतो तो साहजिकच औषधाचीही वेळ सांभाळू लागतो.

गोळ्यांच्या नावांतील आकडेही लक्षपूर्वक वाचावे लागतात. भारतात प्रचलित असलेल्या सिंडोपा ११० मध्ये १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असते, तर सिंडोपा २७५ मध्ये २५० मिलिग्रॅम. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून वा चावून घेऊ नयेत.

वर्तनातील बदल

प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे किंवा कामेच्छेतील असाधारण वाढ दिसून येते. रुग्ण हे लपवतो वा त्याला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि जोडीदार त्यास स्वभावदोष समजून लाजेने गप्प राहतो. अशा मौनात घराची बचत व परस्परांवरील विश्वास दोन्ही गमावले जाऊ शकतात. हा औषधाचा दुष्परिणाम आहे व मात्रा बदलल्यावर तो बहुधा कमी होतो. मात्र औषध स्वतःहून एकदम थांबवू नये. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास तीव्र ज्वर, कमालीचा ताठरपणा व शुद्ध हरपणे असा जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो.

गोळ्यांचा डबा कोणाकडे?

काही रुग्ण ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त गोळ्या घेऊ लागतात. काहींना पुढे विस्मरण वा भास होतात. अशा वेळी डबा जोडीदाराच्या हाती जातो. हा बदल वादाचा ठरू शकतो, कारण रुग्णाच्या दृष्टीने तो स्वातंत्र्य गमावण्यासारखा असतो. जोपर्यंत रुग्णास शक्य आहे तोपर्यंत गोळ्या त्याने स्वतः घ्याव्यात व जोडीदाराने केवळ आठवडाभराचा डबा भरून ठेवावा, हा मधला मार्ग पुष्कळांना मानवतो.

जोडीदारही बहुधा उतारवयातला असतो व त्याची स्वतःची रक्तदाब वा मधुमेहाची औषधे याच धावपळीत चुकतात. मराठी स्वमदत गटांत रुग्णास ‘शुभार्थी’ व काळजीवाहकास ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा असाच एक गट होय.

रुग्णालयात दाखल झाल्यावर

रुग्णालयातील औषधवाटपाच्या ठरावीक फेऱ्या रुग्णाच्या वेळांशी जुळत नाहीत. ब्रिटनमधील पार्किन्सन्स यूके या संस्थेने यासाठी २००६ पासून वेळेवर औषध देण्याची मोहीम चालवली आहे. मळमळीवरील मेटोक्लोप्रमाइड व भ्रमावरील हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनचे कार्य रोखत असल्याने कंपवाताच्या रुग्णांना टाळली जातात. गोळ्यांची नावे, मात्रा, घड्याळी वेळा आणि टाळावयाची औषधे लिहिलेला कागद जोडीदाराने दाखल करतेवेळीच परिचारिकेकडे द्यावा.