‘मान्को’ कास्त्रो : एका उपनामाचा आणि कारकिर्दीचा मागोवा

माँटेव्हिडीओच्या सेंतेनारिओ क्रीडांगणावर पहिला सामना झाला तो १८ जुलै १९३० रोजी. उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेला त्या दिवशी १०० वर्षे पूर्ण होत होती. क्रीडांगणाचे नावही त्या शताब्दीवरूनच पडलेले आहे. पहिल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील यजमान संघाचा हा पहिला सामना होता. पूर्वार्धात पेरूने उरुग्वेला एकही गोल करू दिला नाही. उत्तरार्धात एक्तोर कास्त्रोने गोल केला आणि उरुग्वेचा १–० असा निसटता विजय झाला. ह्या कास्त्रोला उजव्या हाताचा कोपराखालील भाग नव्हता.

कास्त्रोचा जन्म १९०४ साली माँटेव्हिडीओ येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी विजेच्या करवतीवर काम करीत असता त्याने हात गमावला. पुढे ‘एल मान्को’, म्हणजे ‘थोटा’, हेच त्याचे नाव झाले. मूळ लॅटिन ‘मान्कुस’ ह्या विशेषणापासून आलेला हा स्पॅनिश शब्द वरकरणी निष्ठुर वाटतो. परंतु त्याला एक भारदस्त पूर्वपरंपरा आहे. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत डावा हात निकामी झालेल्या सेर्व्हांतेसला स्पॅनिश भाषिक ‘लेपांतोचा मान्को’ म्हणतात, ते अभिमानाने. (तैमूरच्या नावाला चिकटलेला ‘लंग’ हा फारसी शब्द मात्र शत्रूंनी हिणवण्यासाठी वापरला.) शिवाय ‘तो काही मान्को नव्हे’ असे स्पॅनिशमध्ये म्हटले की, तो त्या कामात चांगला वाकबगार आहे असा अर्थ होतो. ज्या भाषेत कौशल्याची ग्वाही थोटेपणाच्या निषेधाने दिली जाते, त्याच भाषेत एका निष्णात खेळाडूचे नाव ‘थोटा’ असावे, हा योगायोग लक्षणीय होय.

फुटबॉल हा पायांचा खेळ, तेव्हा हाताच्या अभावाने काय बिघडते, असे सहज म्हटले जाते. ही समजूत उथळ आहे. धावता धावता वळताना शरीराचा तोल बाहूंनीच सावरला जातो. उंच उडी घेताना त्यांच्याच झोक्याने अंग उचलले जाते. अंगलट आलेल्या प्रतिस्पर्ध्याला अंतरावर ठेवण्यासही त्यांचाच उपयोग होतो. सीमारेषेवरून चेंडू आत फेकण्याचा नियम तर दोन्ही हात गृहीत धरूनच लिहिलेला आहे. उरलेला हात कास्त्रो प्रतिस्पर्ध्यांना खुपसत असे, असे किस्से पुढे रूढ झाले. किश्शांना पुराव्याची फिकीर नसते.

पेरूविरुद्धच्या गोलानंतरही पुढच्या, रुमानियाविरुद्धच्या, सामन्यात त्याला वगळण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या पेरेग्रिनो आन्सेल्मोने युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन गोल केले. साहजिकच कास्त्रोची जागा गेल्यासारखीच होती. परंतु ३० जुलैच्या अंतिम सामन्यात आन्सेल्मो खेळला नाही आणि कास्त्रो परत आला. मध्यंतराला अर्जेंटिना २–१ असा आघाडीवर होता. उत्तरार्धात सेआ व इरिआर्ते ह्यांनी उरुग्वेला पुढे नेले, आणि सामना संपत आला असताना कास्त्रोने डोक्याने मारलेल्या चेंडूने ४–२ हा अंतिम गुणफलक लागला. ज्या उडीसाठी दोन्ही बाहूंचा आधार लागतो, त्या उडीतून हा गोल झाला. स्पर्धेतील यजमानांचा पहिला आणि शेवटचा, असे दोन्ही गोल त्याच्याच नावावर आहेत.

१९२६ व १९३५ ची दक्षिण अमेरिकी अजिंक्यपदे आणि १९२८ चे ॲम्स्टरडॅम ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांतही तो होता. तरीही माँटेव्हिडीओतील नासिओनाल क्लबाच्या पाठीराख्यांना अधिक जवळची आठवण आहे ती दुसरीच. १९३३ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा पेन्यारोलशी चाललेला वाद वारंवार सामने खेळूनही सुटेना. अखेर नोव्हेंबर १९३४ मध्ये नासिओनालने ३–२ असा विजय मिळविला, आणि ते तीनही गोल कास्त्रोचे होते.

निवृत्तीनंतर तो त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. १९४० ते १९४३ अशी सलग चार वर्षे, आणि पुन्हा १९५२ मध्ये, नासिओनालने त्याच्या हाताखाली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९४१ च्या हंगामात तर संघाने आपले सर्व २० सामने जिंकले; त्यांत पेन्यारोलचा ६–० असा पराभवही आहे. प्रशिक्षकाच्या कामात हाताचा किंवा पायाचा संबंध येत नाही; पण लोकांच्या तोंडी तो अखेरपर्यंत ‘मान्को’च राहिला. १५ सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, माँटेव्हिडीओ येथे त्याचे निधन झाले.