लिलाव-खेळ

लिलाव-खेळ : विद्यार्थ्यांना खरेदीदार आणि विक्रेते बनवून, ठरलेल्या नियमांनी वर्गातच बोली लावायला लावण्याची अर्थशास्त्राच्या अध्यापनातील एक पद्धत. यात मुख्यतः चार प्रकारचे लिलाव खेळले जातात. चढत्या उघड बोलीत भाव वर सरकत जातो आणि शेवटपर्यंत टिकलेला खरेदीदार माल घेतो. मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, सौदा मुळात याच जातकुळीचा. उतरत्या बोलीत भाव वरून खाली येतो आणि जो आधी थांबवेल त्याचा माल. हॉलंडच्या फुलबाजारात ही रीत आहे. बंद पाकिटात सर्वांत मोठा आकडा लिहिणारा जिंकतो. मात्र त्याने स्वतःचा आकडा भरायचा की दुसऱ्या क्रमांकाचा, यावरून बंद पाकिटाचे दोन प्रकार पडतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे खेळ बहुधा खरेदीदाराच्या बाजूने मांडलेले असतात : माल स्वस्त कसा पदरात पाडावा, बोली किती आखडती ठेवावी. लातूर आणि नांदेडच्या महाविद्यालयांत मात्र बाकावर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरचे लोक या बाजारात विक्रेते म्हणून उभे असतात. म्हणून इथे हा खेळ विक्रेत्याच्या खुर्चीतून शिकवला पाहिजे, आणि तसा शिकवला तर त्यातून निघणारे धडे वेगळे असतात.

या पद्धतीचा उगम वर्गातच झाला. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना गुपित किमतींची कार्डे देऊन बाजार भरवला आणि त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे १९५६ पासून पर्ड्यू विद्यापीठात नियम बदलून तोच खेळ घेतला. बोली सर्वांना ऐकू जाईल अशी व्यवस्था करून फेऱ्या पुन्हा पुन्हा खेळल्यावर भाव फार लवकर एका जागी स्थिरावतो, असे त्यांना दिसले. स्मिथ यांच्या २००२ च्या नोबेलमागे हेच काम होते. दरम्यान १९६१ मध्ये विल्यम विक्री यांनी दाखवले, की दुसऱ्या किमतीच्या बंद पाकिटात आपल्याला माल जितक्याचा वाटतो तितकाच आकडा लिहिणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. शिवाय काही अटी पाळल्या गेल्या तर चारही प्रकारांत विक्रेत्याला सरासरी सारखेच पैसे मिळतात. खरा आकडा लिहिण्याचा सिद्धान्त फळ्यावर दहा मिनिटांत सिद्ध होतो. पण माणसे तसे वागत नाहीत. कागेल, हार्स्टाड आणि लेव्हिन यांच्या १९८७ च्या प्रयोगांत चढत्या बोलीतले खेळाडू पटकन योग्य भावाला थांबू लागले, तर दुसऱ्या किमतीच्या पाकिटात तीच बुद्धी असलेले लोक फेरीमागून फेरी गरजेपेक्षा जास्त लिहीत राहिले. गणित तेच असूनही वागणूक वेगळी निघते, हे खेळल्याशिवाय कळत नाही.

विक्रेत्याच्या खुर्चीतला पहिला खेळ सोयाबीनचा असावा, कारण लातूर ही राज्यातल्या मोठ्या सोयाबीन बाजारपेठांपैकी एक आहे. पाच विद्यार्थ्यांना खरेदीदार करून प्रत्येकाला ४,४०० ते ५,००० रुपयांमधला एक आकडा चिठ्ठीवर द्यायचा. हा त्याचा क्विंटलमागे परवडणारा कमाल भाव. सहावा विद्यार्थी शेतकरी. चढत्या उघड बोलीच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या की सरासरी सौदा ४,८०० च्या आसपास यावा. आता दोन खरेदीदार उठवायचे : तिघांत तो ४,७०० वर येतो आणि आणखी एक उठवला की दोघांत ४,६०० वर. मालात काडीचाही फरक नसताना क्विंटलमागे २०० रुपये जातात ते केवळ बोली लावणारी माणसे कमी झाल्याने. बंद पाकिटातही हेच घडते : ४,८०० परवडणारा खरेदीदार पाच जणांत ४,७२० लिहितो, दोघांत ४,६०० वरच थांबतो. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले, की एक जास्तीचा खरेदीदार आणणे हे किमान राखीव भाव कितीही अचूक ठरवण्यापेक्षा विक्रेत्याला अधिक फायद्याचे असते. हमीभावाच्या चर्चेवर वाढलेल्या पिढीला हा निष्कर्ष धक्का देणारा आहे. हमीभाव निरुपयोगी ठरतो असा मात्र त्याचा अर्थ नाही. चौथ्या फेरीत पाचही खरेदीदारांना दोन मिनिटे व्हरांड्यात बोलू द्यावे. ते परत आल्यावर एकच जण बोली लावतो, बाकीचे गप्प राहतात आणि सौदा तळाला जाऊन बसतो. अशी रिंग झाली की खरेदीदारांची संख्या नावापुरती उरते, आणि तिथे फक्त राखीव भावच शेतकऱ्याला धरून ठेवतो. बाजार समितीच्या नियमांत भाव उघडपणे ठरवण्यावर भर का आणि रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा वाईट का, हे या फेरीनंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा खेळ मालाच्या अनिश्चिततेचा. शिक्षकाने डब्यात ४०० चांगले आणि १०० डागी दाणे मिसळावेत. प्रत्येक खरेदीदाराने डोळे मिटून २० दाणे काढून मोजावेत, परत टाकावेत आणि मग बोली लिहावी. सरासरीने चार डागी दाणे हाती यायला हवेत. पण कुणाला एकच लागतो, कुणाला सात. ज्याला एकच लागला तो माल उत्तम समजून सर्वांत वरची बोली लावतो, जिंकतो आणि तोट्यात जातो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. बेझरमन आणि सॅम्युएल्सन यांनी १९८३ च्या आपल्या अभ्यासात बोस्टनच्या व्यवस्थापन वर्गांत आठ डॉलर किमतीच्या बरण्यांचा लिलाव केला. विद्यार्थ्यांचे सरासरी अनुमान ५.१३ डॉलर होते, म्हणजे कमीच; तरीही जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलरवर गेली. एकदा पोळलेला खरेदीदार पुढच्या फेरीत बोली आखडतो, आणि तो भुर्दंड चांगला माल आणणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो. लातूरला पोटलीतल्या नमुन्यावर निघालेला दर आणि प्रत्यक्ष ढिगाला लागलेला दर यांतला फरक हा शेतकऱ्यांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय असतो. नांदेडच्या नव्या मोंढ्यात हळदीच्या ढिगाची वरची कांडी एक आणि तळची दुसरी असू शकते. म्हणून खेळाच्या पुढच्या फेरीत शेतकऱ्याने डाग आणि ओलावा आधीच मोजून फळ्यावर लिहावा. अनुमानांतली तफावत आटते, बोली धीट होतात. चाळणी, ओलावामापक आणि प्रतवारी यांवरचा खर्च कुणाच्या खिशात परत येतो, हे इथे आकड्यांत दिसते. गोदावरीच्या वाळू घाटांचा लिलावही याच खेळात बसतो : पात्रात किती ब्रास वाळू आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसते, आणि अंदाज फुगवून घाट घेणाऱ्याला तोटा भरून काढण्यासाठी ठरल्याहून जास्त उपसण्याचा मोह पडतो.

यावर पहिला आक्षेप असा, की खोट्या पैशांनी खऱ्या बाजाराचा धडा मिळत नाही. स्मिथ यांचे उत्तर सोपे होते : खेळातल्या नफ्याला थोडे खरे बक्षीस जोडा. महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनाचे एक-दोन गुण तेवढे काम करतात. लातूर पॅटर्नने घडलेले विद्यार्थी गुणासाठी किती जीव तोडतात, हे महाराष्ट्राला माहीत आहे. वेळेची तक्रारही फारशी टिकत नाही. पाच चिठ्ठ्यांच्या चार फेऱ्या एका तासिकेत होतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. खेळातला शेतकरी भाव पडला तर माल परत नेऊ शकतो. मोंढ्यातल्या अनेकांना ते जमत नाही. बियाण्याला, खताला आडत्याकडून उचल घेतलेली असते, टेम्पोचे भाडे चढत असते, दिवाळी तोंडावर असते. अशा माणसाला बोलीचे डावपेच शिकवणे म्हणजे पाठीवरचे ओझे न उतरवता धावायला सांगणे. पण हे ओझे खेळाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. यासाठी सहा विद्यार्थ्यांना शेतकरी करून त्यांपैकी तिघांच्या चिठ्ठीवर ‘आजच विकणे भाग’ असे लिहावे, ती चिठ्ठी एका फेरीत गुप्त ठेवावी आणि पुढच्या फेरीत खरेदीदारांना दाखवावी. दोन फेऱ्यांच्या भावातला फरक म्हणजे उचलीची खरी किंमत, जी व्याजाच्या हिशोबात कुठेच येत नाही. गोदाम आणि तारण कर्ज यांचा उपयोग मोजायचा तर तो याच फरकाने मोजावा.

नियम बदलून भाव बदलतो याला वर्गाबाहेरचाही पुरावा आहे. कर्नाटकाच्या ऑनलाइन बाजारव्यवस्थेत बोली एकदाच आणि बंद पद्धतीने लागत असे. २०१९ मध्ये तिथल्या कडधान्यांच्या एका मोठ्या बाजारात दुसरी फेरी जोडली गेली : पहिल्या फेरीतली सर्वोच्च बोली दाखवून आघाडीच्या खरेदीदारांना ती वाढवण्याची संधी मिळाली. भाव वाढले.  २०१६ पासून देशभर विस्तारलेल्या ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन बाजारव्यवस्थेतही खरेदीदार संगणकावर बोली भरतात, त्यामुळे फेऱ्या किती असाव्यात आणि सर्वोच्च बोली कुणाला कधी दिसावी, हे तिथेही ठरवण्याजोगे प्रश्न आहेत. बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून जातात. सौद्याची वेळ, फेऱ्या आणि नमुना घेण्याची रीत हे विषय त्यांच्यासमोर आकडे घेऊन मांडता येतात. वर्गातल्या फेऱ्यांची वही हा त्याचा पहिला मसुदा होऊ शकतो.