फॉलिक ॲसिडची गोळी आणि १८१७ स्त्रिया

बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्याला मी फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतो, तेव्हा "दिवस राहिल्यावर सुरू केली तर चालेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. चालत नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. नळी नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीत किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहतं.

ही गोळी खरंच उपयोगी आहे, हे कळलं कसं?

१९८० मध्ये इंग्लंडमधील डॉ. स्मिथेल्स यांनी दाखवलं, की आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांनी जीवनसत्त्वं घेतली तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण घटतं. पण तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रिया आधीच गरोदर होत्या किंवा त्यांनी गोळ्या नाकारल्या होत्या. त्यामुळे फरक गोळीमुळे की स्त्रियांच्या वेगळेपणामुळे, हे ठरेना.

म्हणून १९८३ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मोठी चाचणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. काहींना फॉलिक ॲसिड मिळणार, काहींना नाही. कोणाला काय मिळतंय, हे त्या स्त्रीलाही ठाऊक नव्हतं आणि तिच्या डॉक्टरांनाही. "फायद्याची शक्यता असताना काहींना वंचित ठेवायचं?" यावर बराच वाद झाला.

शिवाय सहभागी मिळणंही अवघड. एकदा असं दुःख सोसलेली आणि पुन्हा दिवस राहण्याआधीच तयार होणारी स्त्री हवी होती. सात देशांतल्या ३३ केंद्रांत मिळून १८१७ जणी जमायला जवळपास आठ वर्षं लागली.

एप्रिल १९९१ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण उत्तर स्पष्ट झालं होतं. फॉलिक ॲसिड घेतलेल्या ५९३ गर्भारपणांत ६ बाळांना व्यंग होतं. न घेतलेल्या ६०२ मध्ये २१. म्हणजे धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी.

त्या २१ जणींचं दुःख या आकड्यांत आहे, हे मी विसरत नाही.

उद्या तुम्हाला कोणी गरोदरपणातल्या संशोधनात सहभागी व्हाल का, असं विचारलं, तर संमतीपत्र घरी नेऊन वाचा. नैतिकता समितीची मान्यता आहे का, ते विचारा. नाही म्हणायचा आणि मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचाच आहे. पण आधीच्या कुणीतरी "हो" म्हटलं होतं, म्हणूनच आज ही स्वस्त गोळी तुमच्या हातात आहे.