मुठीतले सूर

पश्चिम जर्मनीत व्युमे गावी एका जुन्या शाळेत १९७१ साली 'फाउस्ट', म्हणजे 'मूठ', नावाची वादकमंडळी राहू लागली. मी पडलो मास्तर. शाळेचा असा उपयोग मला मोठा गमतीचा वाटतो! पॉलिडोर कंपनीला हवे होते जर्मन बीटल्स. पहिली तबकडी खपेना, म्हणून १९७२ च्या 'सो फार'मध्ये गाण्यांना थोडा आकार आला, पण कसला? आरंभी ढोलाचा एकच हट्टी ठोका, लगेच गिटारीचा हळुवार तुकडा, मग यंत्रांची घरघर आणि शेवटी चक्क जुन्या जाझचे सोंग! वेष्टन काळेकुट्ट; आत मात्र गाण्यागणिक एक चित्र. मला हा स्वैरपणा प्रामाणिक वाटतो. कंपनीने मंडळींना निरोप दिला. १९७३ साली व्हर्जिनने त्यांची पुढली तबकडी इंग्लंडात ४९ पेन्सांना विकली.